दुर्मीळ मूकपटांचा शोध

भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांपैकी आज जेमतेम तीस, आणि तेही बहुतांशी तुकड्यांच्या रूपात, उरले आहेत. चित्रपट पडद्यावरून उतरला की त्याची किंमत संपली, असे त्या वेळी मानले जाई. कित्येक रिळे त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. उरलेल्यांचा घात त्यांच्या नायट्रेट फितीनेच केला. ती चिकट होते, तिचा भुगा होतो आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही.

मग अशा फाटक्या तुकड्यांमागे संग्राहक का धावतात? कथेसाठी तर खासच नव्हे, कारण पुराणकथा सर्वांना ठाऊकच असतात. त्यांची नजर कथेच्या कडेला असते. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाचा हावभाव, रस्त्यावरचे खरे लोक, मूळ अक्षरातली पाटी, या गोष्टी अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे रीळ आज पाहावयास मिळते. मात्र ही रिळे १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एखाद्या चौकटीतील बारीकसा फरकही मोलाचा ठरतो, तो अशा वेळी.

पुणे येथे १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी १९९१ पर्यंत असे चित्रपट गोळा केले. परंतु पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) त्यांनाही गवसला नाही. पुढे २०१६ मध्ये ‘बिल्वमंगळ’ (१९१९) या मूकपटाचा ५९४ मीटरांचा भाग पॅरिसच्या ‘सिनेमातेक फ्रांसेज’मधून मिळाला. त्याच्या बदल्यात संग्रहालयाने ‘जमाईबाबू’ (१९३१) या मूकपटाची प्रत दिली. कलकत्त्यात निर्माण झालेला चित्रपट शतकभराने असा परदेशातून घरी आला!

पाटीलवाड्याच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या तंबू-टॉकीजच्या खोलीत जुना गंजका डबा आढळल्यास तो भंगारात घालू नये. विस्तवाजवळ नेऊ नये, जबरीने उघडूही नये. डब्यावरचे नाव व पाटी तशीच राखून संग्रहालयास कळवावे.