लाल, पिवळा, हिरवा

सरकारी दवाखान्याचा दर्जा कसा मोजायचा, या प्रश्नाला कागदावर पुष्कळ उत्तरं आहेत. खाटा किती, बाळंतपणं किती, लसी किती टोचल्या, दिवसाला केसपेपर किती निघाले. हे तक्ते मी बरीच वर्षं वाचत आले आहे. ते खोटे असतात अशी माझी तक्रार नाही. बहुतेक वेळा ते खरेच असतात. पण जी बाई आठ किलोमीटर चालून आली, औषध शिल्लक नाही म्हणून बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी घेऊन गेली आणि पैसे नसल्यामुळे ती चिठ्ठी तशीच घरी फळीवर राहिली, तीसुद्धा या तक्त्यात 'तपासलेला रुग्ण' म्हणून जमा होते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या आराखड्यात सेवांवर लोकांनीच देखरेख ठेवावी अशी तरतूद होती. असल्या तरतुदींचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ही मात्र २००७ मध्ये नऊ राज्यांत प्रयोग म्हणून प्रत्यक्षात उतरली आणि महाराष्ट्रात टिकली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. त्यांतले पंधरा तालुके, सव्वादोनशे गावं. राज्यपातळीवरचं समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं. प्रक्रियेचं नाव सरकारी वळणाचं आहे : लोकाधारित देखरेख व नियोजन.

काम साधं असतं. गावातल्या आरोग्य समितीचे लोक गावकऱ्यांसोबत बसून प्रश्नावली भरतात. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का? गरोदर बाईचा रक्तदाब बघतात का? केंद्रात कुणी पैसे मागतं का? बोलणं कसं असतं? उत्तरांची बेरीज करून प्रत्येक सेवेला रंग दिला जातो. पाऊणशे टक्क्यांच्या वर हिरवा, पन्नास ते पंचाहत्तर पिवळा, त्याखाली लाल. हा तक्ता गावात लावतात. ज्या आजींना अक्षर लागत नाही, त्यांनाही लाल चौकोन लागतो. त्यानंतर जनसुनवाई : समोर अधिकारी, एका बाजूला पत्रकार आणि जाणती माणसं, आणि मांडवभर गावकरी.

अशा एका जनसुनवाईला मी श्रोता म्हणून बसले होते. बाहेरच्या चिठ्ठ्यांचा विषय निघाला. एका माणसाने खिशातून चार चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या, काही बोलला नाही. तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने आधी नियम सांगितला, मग थांबून म्हणाला, "मागणीपत्र मी तीनदा पाठवलंय. त्याच्या प्रती माझ्याकडे आहेत." मांडवात कुजबुज झाली. तोवर तो आरोपी होता. त्या वाक्यासरशी तक्रारदारांच्या ओळीत येऊन बसला. तालुक्याच्या साहेबांनी 'बघतो' म्हटलं. पैसे मागण्याची तक्रार मात्र तिथल्या तिथे निकालात निघाली, कारण ती थांबवणं त्या मांडवात बसलेल्या माणसांच्याच हातात होतं.

या प्रक्रियेची ताकद आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहे, असं मला वाटतं. पहिल्या तीन फेऱ्यांत गावपातळीवरच्या सेवांचं 'चांगलं' हे मूल्यमापन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. आकडा उत्साहाचा आहे, पण जपून वाचायला हवा. त्याच काळात अभियानाचा पैसाही गावापर्यंत पोचत होता, आशा कामाला लागल्या होत्या. सगळं श्रेय रंगीत तक्त्याला देता येत नाही. माझ्या दृष्टीने टक्केवारीपेक्षा कोणते चौकोन रंग बदलतात हे महत्त्वाचं. नर्सबाईंच्या भेटी, वागणूक, बेकायदा पैसे हे लवकर बदलतं. रिक्त पदं आणि औषधं वर्षानुवर्षं लाल राहू शकतात, कारण त्यांच्या किल्ल्या गावातच काय, तालुक्यातही नसतात.

औषधांची किल्ली कुठे असते, हे तामिळनाडूत बघावं. तिथे १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ स्थापन झालं. खरेदी मध्यवर्ती, मूळ नावाने. साठा जिल्ह्यांच्या गोदामांत. पण खरी युक्ती एका पासबुकात आहे. प्रत्येक दवाखान्याला त्याच्या वाट्याची रक्कम पासबुकात मिळते आणि तेवढ्याची औषधं तो आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून उचलतो. उचल नोंदली जाते, त्या नोंदींवरून पुढची खरेदी ठरते. म्हणजे नियोजनाचा पहिला कागद दवाखान्यात लिहिला जातो. आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी कुणी करायची यावर इतका खल झाला, त्यामानाने मागणी कुणी लिहायची यावर फारच थोडा.

'देखरेख व नियोजन' या जोडीतलं दुसरं नाव असं मागे पडतं. लोकसंख्येने नियोजन करायची आपली सवय जुनी आहे. भोर समितीने १९४६ मध्ये तातडीचा उपाय म्हणून चाळीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं होतं. आजचा निकष तीस हजारांचा, डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांचा. पण सातपुड्यात वीस हजार माणसं किती दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली असतात, मधला नाला पावसाळ्यात किती दिवस ओलांडता येत नाही, हे निकषाला कळत नाही. गावच्या समितीला कळतं. तिच्याकडे वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी असे. त्यात खाट, वजनकाटा, एखाद्या रुग्णाचं गाडीभाडं निघतं. उपकेंद्र नाल्याच्या कुठल्या काठाला हवं, हे ठरवायचा अधिकार त्यात येत नाही.

मी पाहिलेल्या त्या केंद्राच्या समितीने पुढच्या बैठकीत लाल चौकोनांच्या दोन याद्या केल्या : आपल्याकडून होण्यासारखे, आणि वर पाठवायचे. पहिली यादी सात ओळींची होती, दुसरी अकरा. दुसरीच्या तळाशी वैद्यकीय अधिकाऱ्यानेही सही केली आणि आपल्या मागणीपत्रांच्या तिन्ही प्रती तिला टाचल्या.