नळीतून विद्युत केबल ओढताना निर्माण होणारा ताण व त्याचे बिनतारी मापन : कळंब परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : भूमिगत केबल, ओढीचा ताण, घर्षणांक, पार्श्वदाब, लोडसेल, बिनतारी मापन

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे ठिकाण चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. अलीकडच्या काळात या गावाच्या भूगोलात दोन महत्त्वाची भर पडली. नागपूर-तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज रेल्वेमार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा दि. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रवासी वाहतुकीसाठी खुला झाला. रस्ता आणि रूळ यांचे महत्त्व सर्वांना दिसते. परंतु या दोहोंच्या खालून जाणाऱ्या विद्युत केबलींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेल्वेमार्ग ओलांडणाऱ्या ११ केव्ही पर्यंतच्या वाहिन्या सामान्यतः उपरी तारांऐवजी भूमिगत केबलने न्याव्यात, असा रेल्वेचा दंडक आहे. काँक्रीटचा महामार्ग एकदा तयार झाल्यावर तो पुन्हा फोडणे परवडत नाही. म्हणून रस्त्याखाली वा रुळाखाली आधी नळी टाकली जाते आणि नंतर तिच्यातून केबल ओढून घेतली जाते.

केबल ओढण्याची ही क्रिया काही मिनिटांची किंवा फार तर काही तासांची असते. केबलीचे आयुष्य मात्र तीस-चाळीस वर्षांचे अपेक्षित धरले जाते. या आयुष्यातील सर्वाधिक यांत्रिक ताण केबल त्या काही मिनिटांतच सोसते. असे असूनही लहान कामांत हा ताण मोजलाच जात नाही. दहा-पंधरा मजूर दोर ओढतात, किंवा ट्रॅक्टर अथवा जेसीबीला दोर बांधला जातो आणि केबल 'निघाली' की काम झाले असे मानले जाते. प्रस्तुत लेखात हा ताण कसा निर्माण होतो, तो किती असावा आणि बिनतारी उपकरणाने तो मोजताना कोणत्या अडचणी येतात याचे विवेचन केले आहे.

ताणाची मर्यादा :

केबलीच्या टोकाला धातूचा डोळा बसवून थेट वाहकाला पकडले, तर भारतीय केबल उत्पादकांच्या माहितीपत्रकांनुसार तांब्यासाठी प्रति चौरस मि.मी. ५० न्यूटन आणि ॲल्युमिनियमसाठी ३० न्यूटन इतका ताण ग्राह्य मानला जातो. उदाहरणार्थ, ११ केव्हीच्या, १८५ चौ. मि.मी. वाहकाच्या त्रिगाभा ॲल्युमिनियम केबलीत एकूण ५५५ चौ. मि.मी. धातू असतो. तिची मर्यादा १६,६५० न्यूटन, म्हणजे सुमारे १,७०० किलोग्रॅम भार, इतकी येते. बाहेरून तारेच्या जाळीचा मोजा चढवून ओढल्यास भार आवरणावर व आर्मरवर येतो. तेव्हा मर्यादेचे सूत्र केबलीच्या बाह्य व्यासावरून वेगळे काढावे लागते. ३३ केव्ही पर्यंतच्या केबली टाकण्यासाठी भारतीय मानक १२५५ हे १९८३ पासून उपलब्ध आहे. ते कार्यालयातील कपाटाऐवजी चरापर्यंत पोहोचण्याची गरज आहे.

मर्यादा ओलांडल्यास केबल लगेच तुटत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. वाहक किंचित लांबतो, तांब्याच्या पट्टीचे कवच सरकते, वळणावर बाह्य आवरण सोलले जाते. इन्सुलेशन रोधाची नेहमीची चाचणी अशी केबल बहुधा उत्तीर्ण होते. त्यानंतर सोललेल्या जागेतून पाणी शिरते, एक्सएलपीई इन्सुलेशनमध्ये पाण्याच्या सूक्ष्म शाखा वर्षानुवर्षे वाढत जातात आणि एखाद्या रब्बी हंगामात, ओलिताचा भार पूर्ण असताना, केबल जाते. तोपर्यंत ठेकेदाराची हमीची मुदत संपलेली असते आणि दोष कोणाचा हे सिद्ध करण्यास कोणतीही नोंद उरलेली नसते. काळ्या कापसाच्या जमिनीत हा धोका अधिक संभवतो. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नळीच्या सांध्यांतून पाणी व गाळ आत येऊ देते. कळंबच्या चिंतामणी मंदिराचा गाभारा भूपातळीच्या खाली आहे आणि तेथील कुंडाला पाणी चढण्याची ख्याती आहे. अशा गावात नळी कोरडी राहील असे गृहीत धरणे धाडसाचेच ठरेल.

घर्षण आणि वळण :

सरळ, सपाट नळीत ताणाचे गणित सोपे आहे. प्रतिमीटर वजन, लांबी आणि घर्षणांक यांचा गुणाकार म्हणजे ताण होय. वळणावर मात्र ताणात बेरीज होत नाही, तर त्याचा गुणाकार होतो. वळणात शिरतानाचा ताण २.७१८ या संख्येच्या एका घाताने गुणला जातो व तो घात म्हणजे घर्षणांक आणि रेडियनमधील वळणाचा कोन यांचा गुणाकार. ऑयलर व आयटेलव्हाइन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. उधळलेला बैल दोर हातात धरून आवरत नाही, पण त्याच दोराला खुंट्याभोवती दोन वेढे दिले की एक मुलगाही तो धरून ठेवू शकतो. खुंट्यावर जे घर्षण उपकारक ठरते, तेच नळीच्या वळणावर केबलीच्या मुळावर येते. घर्षणांक ०.३५ असता ९० अंशांचे एक वळण ताण १.७३ पट करते, तर अशी तीन वळणे तो ५.२ पट करतात.

यातून निघणारा निष्कर्ष उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा १५० मीटर लांबीची सपाट नळी आहे आणि तिच्या एका टोकापासून २० मीटरवर १ मीटर त्रिज्येचे काटकोनी वळण आहे. केबलीचे वजन प्रतिमीटर ८ किलोग्रॅम आणि घर्षणांक ०.३५ धरू. वळणाजवळच्या टोकाकडून केबल आत सोडली, तर वळणात शिरताना ताण ५४९ न्यूटन, बाहेर पडताना ९५२ न्यूटन आणि पलीकडच्या टोकाला ४,५२३ न्यूटन होतो. तीच केबल उलट दिशेने ओढली, तर वळणापूर्वीच ताण ३,५७१ न्यूटन झालेला असतो, वळणानंतर तो ६,१८९ होतो आणि शेवटी ६,७३८ न्यूटन. ड्रमची गाडी कोठे उभी करणे सोयीचे आहे, एवढ्याच विचाराने ओढण्याची दिशा ठरवली जाते. प्रत्यक्षात तो निर्णय केबलीच्या आयुष्याचा असतो.

वरील दोन्ही आकडे १६,६५० च्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत, मग चिंता कशाची, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर पार्श्वदाबात आहे. वळणावर केबल नळीच्या आतल्या बाजूवर दाबली जाते आणि हा दाब म्हणजे वळणातून बाहेर पडतानाचा ताण भागिले वळणाची त्रिज्या. पहिल्या दिशेने तो प्रतिमीटर ९५२ न्यूटन येतो, दुसऱ्या दिशेने ६,१८९. अमेरिकी पद्धतीत अनेक केबलींसाठी प्रतिफूट ५०० पौंड, म्हणजे प्रतिमीटर सुमारे ७,३०० न्यूटन, ही मर्यादा रूढ आहे. आता नळीत गाळ असल्याने किंवा वंगण न लावल्याने घर्षणांक ०.५ झाला असे समजू. दुसऱ्या दिशेने शेवटचा ताण ११,९७२ न्यूटन होईल. तो अद्याप मर्यादेच्या आतच आहे, परंतु वळणावरील पार्श्वदाब ११,१८७ न्यूटन होऊन मर्यादेच्या दीडपट झालेला असेल. विंचवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आणि जमिनीखाली केबल चिरडली जात आहे, अशी ही स्थिती होय. केवळ कमाल ताण पाहणे पुरेसे का नाही, हे यावरून लक्षात येते.

ताण मोजावा कोठे :

सर्वांत प्रचलित साधन म्हणजे विंचच्या तेलदाबाचा काटा. तो प्रत्यक्षात ताण मोजत नाही, तर ड्रम फिरविणारे बल दाखवतो आणि ताण हा ड्रमवरील दोराच्या थरांवर अवलंबून राहतो. थरांमुळे त्रिज्या १५० मि.मी. वरून २०० मि.मी. होत असेल आणि काटा भरलेल्या ड्रमवर जुळवलेला असेल, तर ओढ सुरू होताना खरा ताण काट्यापेक्षा एक तृतीयांशाने अधिक असतो. दुसरे साधन म्हणजे कप्पीच्या आसात बसवलेला लोडसेल. येथे दोर कप्पीभोवती किती अंशांत वळतो हे महत्त्वाचे असते. ६० अंशांत वळल्यास कप्पीवरचा भार ताणाइतकाच असतो, ९० अंशांत वळल्यास तो ताणाच्या १.४१ पट होतो. कप्पी हलवली आणि ही दुरुस्ती केली नाही, तर मापन निरर्थक ठरते.

तिसरी जागा म्हणजे केबलीचे नाक, अर्थात दोर आणि केबलीचा डोळा यांच्यामधील फिरकीलगत. येथे दोराचे स्वतःचे घर्षण मापनात येत नाही, केबल जे सोसते तेवढेच मोजले जाते. मापकाच्या पोलादी अंगावर स्ट्रेनगेज चिकटवलेले असतात. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे विकसित केलेले हे साधन आज वजनकाट्यापासून पुलापर्यंत सर्वत्र वापरले जाते. चार गेज व्हीटस्टनच्या सेतूत जोडले जातात. ताणाने धातू लांबला की रोध बदलतो आणि सेतूचा समतोल ढळतो. मिळणारे संकेत अल्प असतात. पूर्ण भाराला, दिलेल्या प्रत्येक व्होल्टमागे साधारण २ मिलिव्होल्ट. ते वाढवून, अंकांत रूपांतरित करून लहानशा रेडिओ प्रेषकाने बाहेर पाठवावयाचे, ही बिनतारी मापनाची मूळ कल्पना होय.

बिनतारी संकेतांची मर्यादा :

ही कल्पना कागदावर जितकी सुटसुटीत वाटते, तितकी ती जमिनीखाली राहत नाही. भारतात परवान्याविना वापरता येणारे दोन सोयीचे पट्टे म्हणजे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ. खुल्या रानात पहिला पट्टा लांब जातो. परंतु १०० मि.मी. व्यासाच्या रिकाम्या लोखंडी नळीत सुमारे १.७६ गिगाहर्ट्झपेक्षा कमी कंपनसंख्येची लहर पुढे सरकतच नाही, कारण नळी तिच्यासाठी फारच अरुंद ठरते. म्हणजे लांब पल्ल्याचा म्हणून खरेदी केलेला प्रेषक नळीत मुका होतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा कमी पल्ल्याचा प्रेषक तेथे बोलू शकतो. दोर पोलादी असेल तर हे गणित आणखी बदलते. एचडीपीई नळीत लहर भिंतीतून बाहेर निसटते आणि ओल्या काळ्या मातीत अल्प अंतरातच शोषली जाते. पाण्याने भरलेल्या नळीत तर कोणत्याच पट्ट्याची आशा धरू नये.

यावर तीन मार्ग संभवतात. मापकाने सर्व नोंदी स्वतःजवळ साठवाव्यात आणि चेंबरमध्ये येताच प्रक्षेपित कराव्यात. यात पुरावा मिळतो, परंतु वेळेवर इशारा मिळत नाही. दोराच्या गाभ्यात संकेतवाहक तार घालावी. यात इशारा मिळतो, पण दोर महाग होतो व 'बिनतारी' हे विशेषण निम्मे गळून पडते. तिसरा मार्ग म्हणजे मापक नळीबाहेर, विंचजवळच्या कप्पीवर ठेवून त्याचे आकडे बिनतारी पद्धतीने दोन्ही टोकांना दाखवावेत. रस्ता किंवा रेल्वे ओलांडणाऱ्या लहान कामांसाठी हा तिसरा मार्गच अधिक व्यवहार्य दिसतो. कारण अशा कामात केबल सोडणारे आणि ओढणारे यांच्यात दीडशे मीटरचे अंतर असते व त्यांचा संवाद शिटी, आरोळी किंवा मोबाइलवर चालतो. ड्रम अडकल्याचे सोडणाऱ्याला कळते, तोवर ओढणारा पुढे गेलेला असतो. एकच आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर असणे हे त्यावरचे साधे उत्तर आहे. मुंबई महानगर प्रदेशातील कुडूस-आरे या उच्चदाब एकदिश वाहिनीसारख्या प्रकल्पात सुमारे ५० किलोमीटर लांबीची केबल भूमिगत आहे. अशा मोठ्या कामांत नाकावरील मापकाचा खर्च सहज सामावतो. तालुक्याच्या कामात तो सामावेलच असे नाही. तेथे ठरावीक ताणाला तुटणारी खीळ असलेली फिरकी हेही अत्यंत स्वस्त संरक्षण आहे, मात्र ती नोंद मागे ठेवत नाही आणि पार्श्वदाबाविषयी काहीच सांगत नाही.

आलेखाचे वाचन :

ताणासोबत केबलीची लांबी मोजणारे चाक जोडल्यास मिळणारा आलेख बोलका असतो. सरळ भागात रेषा एकसारख्या चढाने वर जाते. वरील उदाहरणात प्रतिमीटर २७.५ न्यूटन चढ मिळाला, तर त्याला प्रतिमीटर वजन ७८.५ न्यूटनने भागून घर्षणांक ०.३५ असल्याचे तेथल्या तेथे निघते. नाक वळणातून गेले की रेषेत पायरी दिसते. चढ मध्येच तीव्र झाला, तर वंगण संपले किंवा गाळ लागला असे समजावे. नळीचा अंतर्व्यास एकेरी केबलीच्या व्यासाच्या २.८ ते ३.२ पट असता तीन एकेरी केबली वळणात एका ओळीत येऊन अडकण्याचा संभव असतो. तेव्हा आलेख भिंतीसारखा उभा राहतो. मध्येच थांबून पुन्हा सुरुवात केल्यास स्थितिक घर्षणामुळे टोकदार शिखर उमटते, म्हणून ओढ एका दमात पूर्ण करणे इष्ट. वळणापासून नाक किती पुढे गेले हे लांबीच्या चाकावरून कळते. नाकावरच्या ताणातून तेवढ्या सरळ भागाचे घर्षण वजा केले की वळणावरचा ताण आणि त्यावरून पार्श्वदाब मिळतो. जमिनीखालच्या त्या एका जागेची माहिती मिळविण्याचा दुसरा मार्ग नाही.

मजुरांची सुरक्षितता :

बिनतारी मापनाचा एक लाभ केबलीशी संबंधित नाही. १५० मीटर लांबीचा नायलॉनचा दोर ६,००० न्यूटन ताणाखाली दहा टक्के लांबला असे धरल्यास त्यात सुमारे ४५ किलोज्यूल ऊर्जा साठते. एक टन वजनाची मोटार ताशी ३४ किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात एवढीच ऊर्जा असते. दोर किंवा पकड सुटली, तर ही ऊर्जा दोराच्या रेषेत उभ्या असलेल्या माणसावर येते. तारेने जोडलेला काटा वाचण्यासाठी कोणीतरी त्या रेषेजवळ उभे राहावेच लागते. बिनतारी काटा बाजूला दहा मीटर अंतरावरून वाचता येतो. दोर ओढणारे मजूर बहुधा रोजंदारीवर असतात आणि त्यांना या रेषेची कल्पना कोणी दिलेली नसते. म्हणून ओढीपूर्वी मापक शून्यावर आणणे, ज्ञात वजन टांगून त्याची खातरजमा करणे आणि दोराच्या दोन्ही बाजूंस चुन्याची रेघ मारून तो पट्टा मोकळा ठेवणे ही तीन कामे निविदेच्या अटींतच लिहावीत. कामाच्या देयकासोबत ताणाचा आलेख जोडण्याची अटही तेथेच घालता येईल. केबल पुढे दहा वर्षांनी निकामी झाली, तर महावितरण वा रेल्वेच्या अभियंत्यापुढे तेव्हा निदान एक कागद तरी असेल.