कापडाचं वय

गोधडीसाठी कापडं निवडायची म्हटलं की शहरातला माणूस रंगांपासून सुरुवात करतो. लालाशेजारी हिरवा बरा दिसेल की पिवळा? गावाकडची मुरलेली बाई कापड आधी दोन्ही मुठींत धरून ताणते, मग उजेडासमोर धरते. सूत कुठं विरलंय ते तिथंच कळतं. विरलेलं आत जातं, तगलेलं वर येतं. रंगाची पाळी त्यानंतरची.

नऊवारी लुगडं म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांच्या आसपास भरतो. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की गोधडीची एक बाजू झाली, उरलेल्या दोहोंची दुसरी. हिशेब चोख आहे, पण तो कोऱ्या लुगड्याचा. नेसून नेसून लुगडं सगळीकडं सारखं झिजत नाही. कासोट्याचा आणि बसायचा भाग आधी जातो. घट्ट विणीचे काठ आणि पदर मागे उरतात. त्यामुळे एका लुगड्यात गोधडी क्वचितच भागते. दुसऱ्या लुगड्याचा धडका भाग, तिसऱ्याचा पदर, कुणाच्या तरी सदऱ्याची पाठ अशी जोडाजोड इथून सुरू होते.

या जोडाजोडीचा पहिला नियम म्हणजे शेजारी शिवलेल्या कापडांचं वय जुळलं पाहिजे. कोरं सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतं. वर्षानुवर्षं नेसलेलं लुगडं आटायचं तेवढं केव्हाच आटलेलं असतं. ही दोन्ही एकत्र शिवली, की दसऱ्याआधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर जातात तेव्हा नवं आकसतं, जुन्याला ओढतं आणि जुनं नेमकं टाक्यांच्या रेषेवर फाटतं. नवं घालायचंच असेल तर आधी भिजवून, उन्हात कडकडीत वाळवून घ्यावं लागतं. मांजरपाटाची खळ तर काढायलाच हवी, नाहीतर जाड थरांतून सुई रेटताना बोटं सोलवटतात. रंगालाही हेच लागू. जुन्या कापडाचा जायचा तो रंग गेलेला असतो; नव्या लालाचा भरवसा नाही. त्याचं टोक ओलं करून पांढऱ्या धोतरावर दाबून बघायचं. गुलाबी डाग उमटला की ते कापड बाजूला.

दुसरी गोष्ट सुताच्या दिशेची. उभ्या सुताला उभं सूत लागलं पाहिजे. शिंपी ज्याला उरेब म्हणतो तसं तिरकं कापलेलं कापड ओढलं की लांबतं आणि गोधडीत झोळ धरतं. शिंप्याकडची कातरणं फुकट मिळतात खरी, पण त्यांत गळ्याची, बगलेची, वाकडी कापलेलीच जास्त. जाणती बाई ती घरी आणते आणि आतल्या थरात घालते.

मग रंग. गडद इरकली लुगडी आणि काळ्या चंद्रकळा वर, कारण त्या मळखाऊ. पांढरी धोतरं आत. चोळ्यांमधून उरलेले गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे कोपऱ्यांना किंवा ऐन मध्यावर. हे सगळं गरजेतून आलं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. चारही कोपऱ्यांना एकाच खणाचे तुकडे असावेत अशी गरजेची काही मागणी नसते. ते कुणीतरी त्यासाठी बांधून ठेवलेले असतात.

टाके कडेपासून निघतात आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे येतात. धावदोरा इतका जवळजवळ असतो, की आतलं विरलेलं कापड पुढं फाटलं तरी जागचं हलत नाही.

उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळ भागात, आफ्रिकी वंशाच्या पण घरात कोकणी बोलणाऱ्या सिद्दी बायका अशीच ‘कवंडी’ शिवतात. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुलं’ बसल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. तिकडे अमेरिकेत, अलाबामातल्या गीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात झिजलेल्या डेनिमच्या गोधड्या केल्या. खिसा उसवल्यावर त्याखाली उरणारा न विटलेला गडद निळा चौकोन त्यांनी झाकला नाही, तसाच वर ठेवला. 2002 साली या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या.

आपल्याकडे गणित बिघडवलं ते टेरिकॉटनं आणि सुरतेच्या सिंथेटिक साड्यांनी. हा धागा विरत नाही, आटत नाही, घामही शोषत नाही. त्याचं वय कळायला मार्गच नाही. सुती तुकड्याशेजारी तो लावला की काही वर्षांनी सुती जातो आणि हा तस्साच उरतो. शिवाय असली गोधडी रात्रभर अंगावरून घसरत राहते. बायकांनी त्यावर तोड काढली आहे: सिंथेटिक साडी बाहेरच्या बाजूला, कारण रंग टिकतो आणि लवकर वाळते, अंगाकडच्या बाजूला सुती. बाळाच्या दुपट्याला मात्र जुनं, मऊ पडलेलं सुतीच लागतं.

शहरातल्या दुकानांत ‘हँडमेड’ म्हणून मिळणाऱ्या गोधड्यांत बहुतेकदा कोऱ्या ब्लॉक प्रिंटचे मापात कापलेले तुकडे असतात. दिसायला सुबक असतात, त्याबद्दल तक्रार नाही. घेताना कापड शिवण्याआधी धुतलं होतं का, एवढं विचारावं. विक्रेता गोंधळला तर पहिल्या धुण्यानंतर ती चुरगळणार हे धरून चालावं.

घरची गोधडी विरली तर तिचे टाके कुणी उसवत बसत नाही. ती अख्खीच आत घालतात आणि वरखाली पुढच्या पिढीची लुगडी चढवतात. अशी दोन-तीनदा चढलेली गोधडी ओली झाली, की नदीवरून घरी आणायला दोघी लागतात.