गरोदरपणातील रक्तदाब आणि बाळंतपणाची मर्यादा

‘एक्लॅम्प्सिया’ या मूळ ग्रीक शब्दात एकाएकी लखलखण्याचा अर्थ आहे. मराठी बोलीत गर्भिणीच्या अशा झटक्यांना ‘आकडी’च म्हणतात. दोन्ही नावे दृश्य लक्षणापाशी थांबतात. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध सादर केला, तेव्हा रिव्हा-रॉची यांचे रक्तदाबमापक यावयास दहा वर्षे अवकाश होता. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० वा अधिक दाब, ही कसोटी अर्थातच पुढची.

सव्वा महिना लोटला की आपल्या लेखी बाळंतपण संपते. रक्तवाहिन्यांचा हिशेब निराळा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रियांत पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट आढळला. कायमच्या उच्च रक्तदाबाचा त्याहूनही अधिक.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा आपला रिवाज (एरवी किती सुखाचा!) येथे नकळत आड येतो. कागद पुण्यात वा नागपुरात राहतात, आणि पंधरा वर्षांनी दिल्लीच्या द्वारकेत चाळिशीतल्या बाईस तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे तो इतिहास येतच नाही. विचारल्यास ती सांगते, ‘तेव्हा बीपी जरा वाढलं होतं.’ त्या ‘जरा’पाशी थांबून पुढचा प्रश्न विचारला, तर तिचा रक्तदाब दरवर्षी मोजण्याचे कारण हाती लागते.