हुकूमनाम्याची नक्कल

मी तालुक्याच्या गावी वकिली करतो. गेल्या पावसाळ्यात एक ताई पिवळा पडलेला शंभराचा स्टँपपेपर घेऊन आल्या. दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. “सोडचिठ्ठी आहे की, वकीलसाहेब!” त्यांचं दुसरं लग्न ठरत होतं.

मंडळी, हा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी असेल, तर ती कोर्टात शाबित करावी लागते. एरवी १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली कोर्टाचा हुकूमनामाच हवा.

निघता निघता ताई म्हणाल्या, “कोर्टातही गेलो होतो, भावानं बघितलं सगळं.” साल? “थोरली पहिलीत गेली तेव्हा.” शाळेच्या दाखल्यावरून साल काढलं. जिथं कुटुंब न्यायालय नाही, तिथं हे दावे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतात. म्हणून तालुक्यात न शोधता तिकडं गेलो. ई-कोर्ट्सवर माहेरच्या नावानं काही मिळेना. सासरचं आडनाव टाकलं आणि दावा सापडला. (बायकांचे दावे असेच हरवतात.)

दावा क्रमांक, साल, पक्षकारांची नावं लिहून नक्कल विभागात अर्ज दिला, फी भरली. खरं तर कलम २३(४) प्रमाणे निकालानंतर दोघांनाही एकेक प्रत फुकट मिळायला हवी. ती यांच्या हाती आलीच नव्हती.

नक्कल आल्यावर मी आधी तारीख पाहिली. अपिलाची मुदत ९० दिवसांची. ती केव्हाच उलटली होती, अपीलही नव्हतं. ताईंनी कागद पदराखाली धरला आणि पावसातच एसटी गाठली.