उधारीचे टेन्शन आणि व्यापाऱ्याची तब्येत

अमरावतीचा जवाहर रोड असो की अकोल्याचा टिळक रोड, वऱ्हाडातील कापडाचा धंदा शेवटी शेतातल्या कापसावर चालतो. पाऊस वेळेवर झाला, सोयाबीन घरात आले, कापसाला भाव मिळाला, तर दिवाळीला आणि लग्नसराईत दुकानात उभे राहायला जागा नसते. पाऊस फिरला की तालुक्याचा किरकोळ दुकानदार "कापूस विकल्यावर देतो" असे सांगतो. त्याचाही दोष नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक त्याला तेच सांगत असते.

दुसरीकडे सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीहून येणाऱ्या मालाची मुदत ठरलेली असते. २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून आयकराचा नवा नियमही आला. लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून वर्षअखेरीस रक्कम बाकी राहिली, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. लहान उत्पादकाच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण मधल्या व्यापाऱ्याचे येणे पावसावर आणि देणे तारखेवर, अशी स्थिती झाली आहे. या ओढाताणीत शरीराचे काय होते, त्याचा विचार आपल्या बाजारात फारसा होत नाही.

शरीर कसे झिजते

माँट्रियल येथील संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली दाखवून दिले की संकट कोणतेही असो, शरीर त्याला साधारण एकाच पद्धतीने तोंड देते. आधी धोक्याची घंटा वाजते, मग शरीर नेटाने टिकून राहते आणि संकट लांबले तर शेवटी थकून जाते. घंटा वाजते तेव्हा हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. समोर साप आला तर हे उपयोगाचे आहे, कारण पळायला ताकद लागते. पण पार्टीचा चेक परत आला तर व्यापारी गादीवरच बसून असतो. घंटा महिनोन्महिने वाजत राहते आणि रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांना वाट मोकळी होते.

सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर आपल्या पेशाच्या अगदी जवळचा आहे. त्यांनी हिशेबनीसांचे रक्त अनेक महिने तपासले. अमेरिकेत कर भरण्याची शेवटची तारीख १५ एप्रिल. ती जवळ आली तसे कोलेस्टेरॉल वाढले आणि रक्त लवकर गोठू लागले. तारीख गेल्यावर दोन्ही पुन्हा खाली आले. खाण्यापिण्यात विशेष फरक नव्हता, फरक होता तो तारखेचा.

इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. पोटातील अल्सर टेन्शनने होतो, असे पूर्वी सर्रास मानले जाई. ऑस्ट्रेलियाचे मार्शल आणि वॉरेन यांनी बहुतेक अल्सरमागे एक जंतू असल्याचे दाखवले आणि त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून प्रत्येक दुखण्याला "टेन्शन आहे" म्हणून सोडून देणे योग्य नाही. छातीत दुखले, हात भरून आला, घाम सुटला, तर "गॅस झाला" म्हणत सोडा पिऊन दुकानात बसू नये. लगेच दवाखाना गाठावा. आणि खर्रा व सिगारेटने टेन्शन हलके होते, ही निव्वळ समजूत आहे. त्याने हृदयावरचा भार वाढतोच.

बुद्धीवरही बोजा

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी तोडणीच्या आधी, म्हणजे हात तंग असताना, आणि पैसे आल्यानंतर घेतली. तंगीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी आले. माणूस तोच, पण डोक्याचा बराच भाग पैशाच्या फिक्रीने व्यापलेला. व्यापाऱ्यांनी यातून धडा घ्यावा. तंगीच्या काळातच आपण जास्त व्याजाने रक्कम उचलतो, नको तो माल स्वस्त म्हणून भरतो, जुन्या गिऱ्हाइकाशी भांडतो. म्हणून मोठा सौदा अशा दिवसांत एकट्याने ठरवू नये. भाऊ, मुलगा किंवा जाणत्या मित्राला सोबत घ्यावे.

आपल्याच जिल्ह्याचा अनुभव

शेतकरी आत्महत्यांमुळे वऱ्हाडाचे नाव देशभर गेले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पैशाची मदत आवश्यकच होती, पण मनाच्या उपचाराचे काम वेगळे होते. ते अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाच्या प्रकल्पाने केले. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले, त्यांनी घरोघरी जाऊन लोकांचे ऐकून घेतले आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे पोहोचवले. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी याचा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त मांडला. सुरुवातीला नैराश्याने ग्रासलेल्या १०० लोकांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७ वर गेले. मागच्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

हे काम खेड्यांत झाले. बाजारपेठेत व्यापाऱ्याला असे विचारायला कोणी येत नाही. शिवाय व्यापारी सांगतही नाही. बाजारात बोलबाला झाला तर पत जाईल, माल बंद होईल, ही भीती असते. घरच्यांना कर्जाचा आकडा कळतो तो माणूस दवाखान्यात भरती झाल्यावर. आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे. मनाचा आजार म्हणजे ईमान कच्चे, असे काही लोक समजतात. हे बरोबर नाही. नवव्या-दहाव्या शतकातील विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. मन आजारी पडते, त्याचा परिणाम शरीरावर होतो आणि शरीराप्रमाणेच त्यालाही उपचार लागतो, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले होते.

उपाय दोन बाजूंनी

मानसशास्त्रज्ञ लाझरस आणि फोकमन यांनी १९८४ साली तणावाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले. एक, अडचणीलाच हात घालणे. दुसरा, अडचणीने अस्वस्थ झालेले मन सांभाळणे. जे आपल्या हातात आहे तिथे पहिला मार्ग, जे नाही तिथे दुसरा. दीनची शिकवणही हीच आहे. पैगंबर (स.) यांच्या दुआंमध्ये चिंता, दुःख आणि कर्जाचे ओझे यांपासून एकत्रच आश्रय मागितलेला आहे. तसेच कुरआनमधील सर्वांत लांब आयत (अल-बकरा, २८२) उधारीची लिखापढी करण्याविषयी आहे. म्हणजे दुआही करायची आणि वहीही नीट ठेवायची.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) प्रत्येक पार्टीची उधारीची मर्यादा आधी ठरवावी. जुनी बाकी असताना तोंडदेखल्या भिडेने नवा माल देऊ नये.

२) देणे थकणार असे दिसले तर तारखेच्या आधीच फोन करावा. फोन न उचलल्याने पतही जाते आणि झोपही.

३) येण्या-देण्याची संपूर्ण यादी पत्नीला किंवा मोठ्या मुलाला माहीत असावी.

४) चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर नियमित तपासावी. रमजानमध्ये बाजार सेहरीपर्यंत चालतो. रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घ्याव्यात आणि दुपारी थोडी झोप घ्यावी.

५) नमाजसाठी गल्ला सोडून उठतो, ती मिनिटे खरोखर नमाजचीच असावीत. मोबाईल दुकानात ठेवून जावे.

६) झोप उडाली, कशातच मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे दोन आठवडे चालले तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. जगणे नकोसे वाटत असेल तर तेवढेही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत चालते.

येणेकऱ्यांनीही लक्षात घ्यावे

ज्याचे पैसे अडकले आहेत त्याचीही जबाबदारी आहे. अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवड द्या, अशी कुरआनची शिकवण आहे (अल-बकरा, २८०). बुडवणारा वेगळा आणि बुडणारा वेगळा. बाजारात बसणाऱ्याला हा फरक बहुधा कळतो. बुडणाऱ्याच्या दुकानासमोर चार लोकांत आवाज चढवून वसुली लवकर होते असे नाही. हप्ते बांधून दिले तर रक्कम उशिरा का होईना येते आणि एक घर वाचते. नेहमी जुमाच्या नमाजला दिसणारा व्यापारी दोन-तीन आठवडे दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी, आणि त्या दिवशी बाकीचा विषय काढू नये. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि ती उपभोगण्याइतकी तंदुरुस्तीही देवो.