कॅमेरा कोणाच्या हातात?

अन्याय होताना दिसला की आमची पोरं आता खिशातून मोबाईल काढतात. लगेच गावपुढारी आणि ठाण्यातला जमादार एकाच सुरात दम भरतात, "परवानगीशिवाय रेकॉर्डिंग केलंस, तूच आत जाशील!" या धमकीला कायद्यात आधार नाही. जो संभाषणात स्वतः सहभागी आहे त्याच्या संमतीने ते टेप झाले तर पुरावा म्हणून चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच मलकानी खटल्यात सांगितले. खटला मुंबईच्या कॉरोनरच्या लाचेचा होता, म्हणजे प्रकरण महाराष्ट्राचेच. मात्र दुसऱ्या दोघांचे बोलणे चोरून टेप करणे ही वेगळी गोष्ट. तिथे हे संरक्षण मिळत नाही.

पोलीस ठाण्यात चित्रण केले म्हणून आपल्याकडे चक्क शासकीय गुपिते कायदा लावला गेला आहे. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला १९२३ चा कायदा फिर्याद द्यायला आलेल्या माणसावर! पोलीस ठाणे त्या कायद्यातले 'निषिद्ध ठिकाण' नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

पण रेकॉर्डिंग हाती आले म्हणजे केस जिंकली, या भ्रमात कोणी राहू नये. जालना विधानसभेच्या निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला : मूळ उपकरण कोर्टात हजर करा, नाहीतर प्रतीसोबत प्रमाणपत्र द्या. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि त्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते. व्हॉट्सॲपवर दहा हात फिरून आलेल्या क्लिपवर आरोपीचा वकील तुटून पडणारच. म्हणून ज्या मोबाईलवर चित्रण झाले तो विकू नये, फॉरमॅट करू नये. पोलिसांनी घेतला तर जप्तीचा पंचनामा मागावा.

आणि संमतीचा खरा प्रश्न आमच्या आपल्या बोटांपाशी आहे. २०१८ साली जळगाव जिल्ह्यातील वाकडीत विहिरीत पोहल्याबद्दल मुलांना मारहाण झाली, त्याचे चित्रण सगळीकडे फिरले. पोरांची विटंबना दाखवणारी ती चित्रफीत आमच्याच माणसांनी संतापाने पुढे पाठवली. संताप खरा होता, पण त्या मुलांना कोणी विचारले? पीडित बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. स्त्रीच्या खाजगी चित्रणाबाबत तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ सांगते की तिने चित्रणाला संमती दिली असली तरी ते पसरवायला दिली असे होत नाही. अशी क्लिप तपास अधिकाऱ्याकडे द्यावी, ग्रुपवर नव्हे.

ज्या चित्रणाची आम्हाला सर्वात जास्त गरज आहे ते कोर्टातले. तिथेच साक्षीदार फितूर होतात. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ, पोटकलम १० म्हणते की या गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रण व्हावे. 'सर्व' या शब्दात जामिनाची सुनावणीही येते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगेपर्यंत २०२४ उजाडले. पीडितांनी पहिल्याच तारखेला सरकारी वकिलामार्फत तसा अर्ज द्यावा. 'कॅमेरा उपलब्ध नाही' असे उत्तर मिळाले, तर ते रोजनाम्यात लिहून घ्यावे आणि त्याची नक्कल काढून ठेवावी.